मावशीचं गुप्त मत

चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. भाची मतदानाचं माहितीपत्रक वाचून दाखवत होती.

"'आपलं मत गुप्त राहील.'"

"कोणी छापलंय, ते आधी बघ."

"निवडणूक कचेरीनं."

"लिहायला काय जातंय त्यांचं! मला नीट दिसत नाही म्हणून दरवेळी तुझे काका सोबत आत येतात. बटणही तेच दाबतात."

"कोणाचं?"

"विचारलं तर म्हणतात, मत गुप्त असतं!"

"मावशी, आता चष्मा झालाय. या खेपेला एकटीच जा."

"हळू बोल, भिंतीलाही कान असतात. काकांनी विचारलं तर सांग, काच अजून आलेली नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारात मला दे, म्हणजे त्यांना आत यायला कारणच उरणार नाही; तोवर हा चष्मा तुझ्याच पर्समध्ये राहू दे."