चढायचं दार

—नाही, तिला खाली उतरवायची काही गरज नाही. बसू दे आत. मागच्या पलंगावर बस आणि इकडे बघू नको, ठिणग्या उडतील, असं सांगून आलोय मी. तू तुझं काम कर. दाराच्या या अंगाला एक उभा दांडा जोडायचा, बास — त्याला माणूस कशाला हवा मापाला? माप माझ्याकडे आहे. वरचं टोक खांद्याशी, खालचं कमरेशी. खांदा माझाच धरलाय. आता ती माझ्यापेक्षा बुटकी आहे हे काय तू मला सांगणार? एवढा संसार झाला, बायकोची उंची कळत नाही का मला? — बरं, घे खाली. वीतभर घे. अजून थोडा. हां. खडूची रेघ मी मारली होती, पुसायची तर पूस आता.

मोतीबिंदू आहे डोळ्यात, म्हणून तुझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आलो. नाहीतर या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नसता मी. आधी बेकरीची होती, पाव वाहायची. आतला पलंग, ओटा, फळ्या, ती सरकती खिडकी — सगळं माझं काम. ठोकून बघ कुठंही, पोकळ वाजणार नाही. ही म्हणायची, म्हातारपणी घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा हिंडू. म्हणजे मीच म्हणायचो. ती हो म्हणायची. तेव्हा दोन्ही हात चालत होते तिचे. मग झटका आला, डावं अंग गेलं — गेलं म्हणजे, पाय ओढत चालते, हात नुसता लोंबतो. डॉक्टर म्हणाला, आता कसलं हिंडणं. मी म्हटलं, तू औषध दे, गाडीचं मी बघतो.

दांडा आहे की एक, दिसतोय ना. धर त्याला. हलव. हलला? नाही हलायचा. चढताना बरोब्बर उजव्या हातात येतो. उजव्या हाताने तो धरायचा, चांगला पाय आधी वर टाकायचा, मग दुसरा ओढून घ्यायचा. एकदा दाखवलं तिला, शिकली. चढते अगदी व्यवस्थित, कोणाची मदत लागत नाही. — उतरताना? उतरताना काय. उतरताना तोंड बाहेर झालं की तोच दांडा डाव्या हाताला येतो. बघ, तुला उभ्या उभ्या कळलं. मला नाही कळलं. आणि तू जे मनात म्हणतोयस ना, की म्हातारा कसला कारागीर — त्याला कारण आहे. बस बांधायच्या कारखान्यात होतो मी. तिथे चढायच्या दाराची टोळी वेगळी आणि उतरायच्या दाराची वेगळी. मी पहिल्या दिवसापासून चढायच्या दारावर. पायरी, दांडा, पत्रा — डोळे बांधून बसवलं असतं. माझ्या दारातून कोणी उतरतच नव्हतं रे. लोक चढायचे, पुढे जायचे आणि दुसऱ्याच्या दारातून उतरायचे. ते कसे उतरतात हे बघायचं काम माझं नव्हतं.

उलटं उतरावं, शिडीवरून उतरतात तसं — हेच ना? मी पण तेच सांगितलं. उतरायची की तशी. पण आवडायचं नाही तिला. एक हात दांड्याला, दुसरा निकामी, मग कपडा सावरायचा कशाने? पाय खाली चाचपडत राहायचा, पायरी सापडायची नाही, आणि ही तशीच ओणवी, पाठ बाहेर सगळ्यांकडे करून. लोक बघतात म्हणाली. मी म्हटलं, या वयात तुला कोण बघतंय. — गंमत केली मी. बायकोची गंमत करायची नाही का माणसाने? हसली नाही ती. त्यानंतर उतरणंच कमी केलं. चहा नको, पाणी नको. ऐन उन्हाळ्यात हिला तहान कशी लागत नाही, याचं मला नवल वाटायचं. नवल! आत संडास केला नव्हता मी. जागा होती, पण वास राहतो गाडीत, म्हणून नको म्हटलं. मला नको होता, म्हणून नको.

तू काम करताना ऐकतोयस ना? मी बोलतोय ते काही हातातलं काम सोडून ऐकण्यासारखं नाही. बघ, टोक तिरकं धरलंस. सरळ कर.

गेल्या आठवड्यातलं सांगतो. तळ्याकाठी गाड्या लावायचं मैदान आहे ना, तिथे होतो. चांगली माणसं होती आजूबाजूला, नव्या कोऱ्या महागड्या गाड्यांतली. एक जण माझी गाडी बघायला आला, मग त्याची बायको आली, मग अजून दोघं आले. विचारायला लागले, हे कसं केलं, ते कसं बसवलं. मी खुर्ची टाकून बसलो आणि सांगत गेलो. आता विचारलं तर सांगायला नको? दाराचं निघालं. म्हटलं, हे दार असं आहे की लहान पोरसुद्धा एकट्याने चढेल-उतरेल. आणि तेवढ्यात ही आतून म्हणते, अहो, जरा येता का. — ऐकू आलं मला. पहिल्याच हाकेला आलं. म्हटलं, उतर की, दांडा आहे ना. परत म्हणाली, या ना जरा. आवाज वेगळा होता. तेही कळलं. पण नुकताच ते वाक्य बोललो होतो मी, चार माणसांत, आणि आता उठून बायकोला धरून उतरवायचं? नाही उठलो. ती आली दारात. समोरून उतरायला गेली, एवढ्या लोकांना पाठ कशी दाखवणार. डाव्या हाताने दांडा धरला — धरला कसला, हात नुसता टेकवला. घसरत पायरीवरून खाली बसली. लागलं नाही फार. पण घाईची लागली होती तिला, ते थांबलं नाही. तिथेच. सगळ्यांसमोर.

ती परकी बाई धावली आधी. मी नाही.

मी म्हटलं — काय म्हटलं मी. म्हटलं, हिची घाई नेहमीचीच. आणि हसलो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवंच होतं ना तिथे. बोललो मी.

त्यानंतर ती भांडली असती तर बरं झालं असतं. रागावली असती. काही नाही. जेवलात का विचारते, औषधाची डबी मागते, उशी सारखी करा म्हणते. रात्री बादली घेते आत, सकाळी मी रिकामी करतो, त्यावर दोघंही बोलत नाही. आणि काल मी डिझेल भरून आलो तर फोनवर बोलत होती लेकीशी. फोन कधी आपणहून करत नाही ती, मी लावून देतो. लेक येतेय आज. आईला न्यायला. आठ दिवसांसाठी, असं म्हणतात दोघी. आठ दिवस. आणि बॅगेत लोकरीची शाल भरली आहे तिने. या उकाड्यात. स्वेटर पण. बघितलं मी. आता म्हणायचं काय त्याला?

म्हणून ही घाई तुझ्यामागे. लेक यायच्या आत दांडा उभा राहिला पाहिजे. तिला दाखवायचा आहे — म्हणजे दोघींना. — नाही, हिला नाही सांगितलं. सांगायचं काय त्यात. झालं की दिसेलच. मला ते बोलून दाखवायची सवय नाही. चुकलं असेल तर माणूस काम करून दाखवतो. तोंडाने काय, कोणीही बोलतं.

झालं? बघू. आवाजावरून तर टाका बरा बसलाय. खालचाही झाला? वा. चांगला हात आहे तुझा. आता — थांब. यंत्र बंद कर. हॉर्न वाजला ना? तीच. लवकर निघालेली दिसतेय. गेटाशी थांबली, बघ.

आता दांड्याला हात लावला तर? किती वेळ लागेल निवायला? — पाणी नको मारू, तडकेल. सकाळी तू बोल्ट लावू म्हणालास, मीच नको म्हटलं. बोल्ट लावणं कारागिराचं काम नाही म्हटलं. हिला म्हणावं जरा आत बसून राहा, अर्धा तास, चहा मागवतो मी, लेकीलाही देतो. दांडा निवला की मग —

अगं, आलीस पण दारात? बॅग कशाला उचललीस, दे इकडे. थांब, थांब, त्याला हात लावू नको, तापलाय. हो, दांडा. तुझ्यासाठीच. — मग सांगतो ते. आत्ता नाही चालायचा. फीर. पाठ कर माझ्याकडे. हो, उलटीच उतर, मी आहे ना खाली. पाय सोड. मी ठेवतो पायरीवर, तू चाचपडू नको. कपडा मी धरलाय. — नाही बोलत मी काही.

आणि तू इथे काय उभा राहिलास? जा. ती तुझी दोन माणसं बघतायत तिकडून, त्यांनाही आत ने. लेकीला म्हणावं, तुझ्या गाडीतच बस जरा. जा म्हणतो ना. आणि वळून बघायचं नाही.