सुमीचा पेपर

आमच्या सुमीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट. सुमी पेशींमधल्या रेणूंवर संशोधन करते. मुलगाही त्याच कामातला.

मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या पोट्ट्याचे ढीगभर पेपर छापून आले. तुमच्या पोरीचे?"

मी म्हटलं, "एकच. पण लोक आपापल्या पेपरात त्याचा दाखला देऊन राहिले म्हणे."

"मीही देतो, काका!" मुलगा खूश होऊन म्हणाला.

सुमीनं विचारलं, "वाचला का पण?"

मुलगा ओशाळला. "वरचा सारांश वाचला."

"मग पूर्ण वाचून या."

पुढच्या रविवारी तो एकटाच आला आणि बसल्याबसल्या सुमीच्या पेपरातली चूक दाखवू लागला. मले वाटलं, गेलं लग्न.

सुमी हसून म्हणाली, "बाबा, यांच्या घरी लग्नाला हव म्हणून सांगून टाका."