वऱ्हाडाची होडी आणि माझी ॲडमिशन

मॅनेजमेंटच्या कॉलेजात मला घेतलं ते मार्कांवर नाही रे, आमच्या वहिनीच्या लग्नावर!

तारापूरला तेव्हा वीजघर बांधत होते, मी तिथे कारकून होतो. अर्जासोबत एक पान लिहायचं होतं: तुम्ही पुढाकार घेतलात असा एखादा प्रसंग. मी जिद्द, चिकाटी, नेतृत्व, सगळं ओतलं. वहिनीला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, “भावजी, यात तुमी हाय कुठं? त्यापेक्षा आमच्या लग्नातली होडी लिवा.”

लिहिली. सातपाटीहून आम्ही वऱ्हाड घेऊन मुरब्याला निघालो आणि ओहोटीनं होडी खाडीच्या मधोमध चिखलात रुतली. पलीकडे नवरी ताटकळलेली, मुहूर्त टळत चाललेला, होडीत रडारड. तेव्हा मी उठून उभा राहिलो... आणि पान संपलं! दुसरं जोडायची परवानगी नव्हती. तसंच पाठवलं आणि आशा सोडली.

तर मुलाखतीचं बोलावणं! समोर तीन साहेब. मधले म्हणाले, “मार्क बेताचेच आहेत तुमचे. पण ते लग्न लागलं का, ते आधी सांगा.”

“लागलं, सर. भटजी आमच्याच होडीत होते. मी म्हटलं, काढा पंचांग आणि बघा भरतीनंतरचा मुहूर्त.”

“निघाला?”

“निघणारच. त्यांनाही जेवायचं होतं.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “सुटलो एकदाचा! घरी वाचून दाखवलं, तेव्हापासून बायको रोज विचारतेय.”