चिरनेरच्या वळणावरची रेघ

(नवीन पनवेलहून चिरनेरला जाणारी सायकलची वाट. एका वळणावर रंभा छत्रीखाली मासे विकायला बसली आहे. शेजारच्या दगडापाशी दोन सायकली उभ्या आहेत. दगडावर पांढरी रेघ आहे: सायकल ग्रुपचा वळण दाखवणारा बाण, पण टोक नसलेला.)

ऋचा : काकू गेल्याचं कळलं त्या दिवशी मी इथेच होते, काका. पांढऱ्या रंगाचा डबा उघडून. काकू येतील, मग बाणाला टोक काढू, म्हणून थांबले होते. आणि तुमचा फोन आला.

कुमार : माहीत आहे.

ऋचा : नंतर तुम्हीच म्हणालात, वसूचं राहिलेलं मी करतो. मग ग्रुपवर टाकलंत, ‘चिरनेरचं वळण झालं.’ मी नकाशात वाट खुली केली. आणि आज बघते तर नुसती रेघ.

रंभा : रेघ पण कशी, चकचकीत! दादा दर रविवारी येतात, बाय. बाटलीतल्या पान्यानं दगड धुतात, रुमालानं पुसतात. मी म्हनलं पन, अवो, देव हाय का ह्यो?

ऋचा : दर रविवारी?

रंभा : मग! माज्याकडचे बोंबील मात्र नाय घेत. म्हनतात, घरात आता करनारं कोन हाय.

कुमार : रंभाबाई, पुरे.

रंभा : मी काय वाईट बोलले?

ऋचा : काका, ब्रश आणत होतात?

कुमार : पिशवीत असायचा. डबाही.

ऋचा : मग?

कुमार : टोक काढलं असतं तर तिचं काम संपलं असतं.

ऋचा : ग्रुपमधली ती नवी समीक्षा इथे न वळता सरळ गेली, काका. कंटेनरच्या रस्त्याला. ट्रेलर खेटून गेला आणि ती खडीत पडली. मनगटाचं ऑपरेशन झालंय. वर म्हणते, माझंच लक्ष नव्हतं. सगळ्यांना सॉरी म्हणतेय ती.

कुमार : ती म्हणतेय?

ऋचा : हो. हॉस्पिटलात सगळे येऊन गेले. तुम्ही सोडून.

कुमार : गेटपर्यंत आलो होतो. शहाळं घेऊन. वॉचमनकडे दिलं आणि मागे फिरलो.

ऋचा : वर काही आलं नाही.

रंभा : वॉचमननं प्यालं असेल.

ऋचा : बरं, जाऊ दे. द्या तो ब्रश. टोक मी काढते, दोन मिनिटांचं काम. ग्रुपवर कोणाला काही बोलणार नाही.

कुमार : नको.

ऋचा : अजूनही नको?

कुमार : वसूची पद्धत काय होती, सांग.

ऋचा : आधी नुसती रेघ. मग ज्याला वाट माहीत नाही त्याला एकटं पुढे सोडायचं, आपण वळणापलीकडे उभं राहायचं. तो बरोबर वळला तर टोक. चुकला तर त्याला तिथेच अडवायचं, आणि...

कुमार : आणि?

ऋचा : रेघ पुसायची. अलीकडे नवी काढायची. पण काका, ही काकूंची शेवटची...

कुमार : समीक्षाला वाट माहीत नव्हती. ती चुकली, आणि अडवायला कोणी उभं नव्हतं. माझ्या पिशवीत तारेचा ब्रश आहे, तो दे इकडे.

रंभा : अरे देवा! एवढे रविवार धुवून ठेवली, आनि आता खरवडायची? बाय, फोटो तरी काढ गो.

कुमार : फोटो नको.

ऋचा : काका, हळू. थोडं मी घासू का?

कुमार : नको.

रंभा : घासू दे त्यांना.

ऋचा : काका... बास. गेली ती. आता नुसता दगड घासताय.

कुमार : गेली?

ऋचा : हो.

कुमार : ग्रुपवर मी लिहितो. झालं म्हणालो होतो, ते खोटं होतं. वाट बंद ठेव म्हणून.

ऋचा : लिहा. आणि नवी कुठे काढू या?

रंभा : त्या अलीकडच्या खांबावर काढा. हितं रोज सकालपास्नं माजी छत्री आडवी येते, रेघ दिसत नाय. आदीच सांगायला पायजे व्हतं मी. पन मना वाटलं, दादांचा देव हाय.

कुमार : तुमच्या छत्रीचा काही दोष नाही, बाई. ऋचा, डबा धर.

ऋचा : तिरकी येतेय, काका.

कुमार : येऊ दे. वसू हसली असती. ‘बँकेतली सही आहे का ही,’ म्हणाली असती.

ऋचा : झाली. दिसते लांबून.

रंभा : मग हिला टोक कदी?

ऋचा : जो चुकला, त्यानेच पुन्हा येऊन बघायचं. काकू असंच करायच्या. ना, काका?

कुमार : हो. समीक्षाचा हात बरा झाल्यावर. मी पलीकडे उभा राहीन.

रंभा : ती येते म्हनली?

कुमार : अजून विचारलेलं नाही.