पाच दगडांखालचा कोळसा

मी, इस्त्रीवाली मावशी (सगळे याच नावाने ओळखतात), वय ६९ वर्षे, धंदा कपडे इस्त्री करणे, सध्या बंद, राहणार मोजणी खात्याच्या जुन्या खोल्या, खोली क्र. ७. आज दुपारी ठाण्यात हजर असून जमादारांनी विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वरील ठिकाणी मुलगी व जावयासोबत राहते. माझे पती मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढायचं काम करीत. ते सहा वर्षांपूर्वी वारले. आमच्या खोल्यांमागे टेकडीपर्यंत मोकळा हिरवा पट्टा आहे. तिथे कोणी घरं बांधू नयेत असं सरकारने पंचेचाळीस वर्षांपूर्वी ठरवलं आणि हद्दीवर पाच दगड रोवले. ते माझ्या पतींनी रोवले. मी तिथे हजर होते.

दगड रोवताना खड्ड्यात आधी कोळसा घालायची रीत होती. कोळसा कुजत नाही, त्याला कीड लागत नाही. पुढेमागे कोणी दगड उपटून दुसरीकडे रोवला, तरी खालचा कोळसा हलवायचं त्याच्या डोक्यात येत नाही. खरी हद्द जमिनीत राहते. खात्याचा कोळसा वेळेवर आला नाही, म्हणून इस्त्रीसाठी आणलेल्या माझ्या पोत्यातला दिला. मी चुरा देत होते. ते म्हणाले, "चुरा नको, निवडून मोठे खडे दे. आपल्या नातवंडांपर्यंत टिकलं पाहिजे." आमच्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते आणि हा माणूस नातवंडांवर पोचला होता. मी लाजून पोतंच त्यांच्या अंगावर ढकललं.

पाचव्या दगडाला कोळसा कमी पडला. ते घरी आणायला गेले आणि "खड्ड्यात माती ढासळू देऊ नकोस" म्हणून मला राखणीला बसवलं. मी दीड तास बसले. गवत कमरेएवढं होतं, वारा सुटला होता आणि मला काही म्हणजे काही काम नव्हतं. पुढे जन्मात तसं बसायला मिळालं नाही. जमादार म्हणाले, आजी, मुद्द्यावर या. मी मुद्द्यावरच आहे. त्याच पट्ट्यात माझी मुलगी गुडघे फोडून घेत सायकल शिकली. संध्याकाळी खोल्यांतली सगळी माणसं तिकडेच असायची. इस्त्रीचे कपडे द्यायला मी दारोदार न फिरता तिथेच जायचे, सगळी गिऱ्हाइकं एका जागी सापडायची.

गेल्या वर्षी पट्ट्याला पत्र्यांचं कुंपण घातलं गेलं. अठरा मजल्यांच्या आठ इमारती होणार असा फलक लागला. पाचही दगड टेकडीच्या पायथ्याशी दिसू लागले, तेही नवा पांढरा रंग लावून. हद्द तिथूनच सुरू होते असं बिल्डर सांगतो. म्हणजे दगड काय आपल्या पायांनी चालत गेले? कोणी हलवले ते मी पाहिलेलं नाही, म्हणून कोणाचं नाव घेत नाही.

मी मोजणी कार्यालयात हरकतीचा अर्ज दिला. सोमवारी सुनावणी आहे, त्या दिवशी नवी हद्द कायम होणार. कारकून म्हणाला, "मावशी, तुमचं खरंही असेल, पण पुरावा आणा. त्याशिवाय साहेब ऐकायचे नाहीत." मी म्हटलं, आणते.

आज सकाळी नऊच्या सुमारास पहारेकरी चहाला गेल्यावर मी पत्र्याच्या फटीतून आत गेले. सोबत खुरपं आणि जुन्या चादरीचे तुकडे होते. दगडांच्या मूळ जागा माझ्या पायांना पाठ आहेत. चार जागा खणल्या. चारही ठिकाणी कोळसा निघाला. हातात घेतल्यावर रडू फुटलं, हे लिहून घेतलं तरी चालेल. प्रत्येक जागेचा कोळसा वेगळ्या गाठोड्यात बांधला आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना करायचे तशी दोऱ्याची खूण केली, म्हणजे साहेबांपुढे अदलाबदल नको.

चौथ्या जागेनंतर दम लागला. पाचवी दूर आहे. मध्येच एका उंचवट्यावर पाच मिनिटं म्हणून टेकले. तिथून सगळा पट्टा दिसतो. मी बघत राहिले आणि उठायचंच विसरले. साडेअकराला पहारेकऱ्याने मला तिथे पकडलं. तो वेडंवाकडं काही बोलला नाही. त्याची तक्रार खरी आहे. मी आत शिरले आणि मी खणलं.

ठाण्यात मी चारही गाठोडी टेबलावर ठेवून म्हटलं, हा घ्या पुरावा. जमादारांनी ती उघडली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "आजी, हे काढलंत कशाला? जमिनीत होता तोवर हा पुरावा होता. आता नुसता कोळसा आहे. तुमच्या घरून आणला म्हणतील." आणि तो माझ्या घरून आणलेलाच आहे. जन्मभर लोकांकडे गाठोडी पोचती केली. आणा म्हटल्यावर बांधून आणायचं, एवढंच मला कळतं. पंचेचाळीस वर्षं जमिनीने सांभाळलेलं मी एका सकाळीत उकरून टाकलं. वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?

पाचवी जागा मात्र तशीच आहे. मी बसून राहिले म्हणून ती वाचली. ती कुठे आहे असं जमादारांनी विचारलं. हा जबाब बिल्डरच्या माणसांना वाचायला मिळेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुढेमागे नक्कल द्यावी लागेल. म्हणून जागा सांगत नाही. सोमवारच्या आत मोजणी साहेबांनी, पंचांनी आणि जमादारांनी माझ्यासोबत यावं. मी चालत जाऊन दाखवीन आणि बाजूला उभी राहीन. खणायचं त्यांनी, मी बोटही लावणार नाही. आत शिरल्याची जी काही शिक्षा असेल ती त्यानंतर द्यावी, ही विनंती.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. पाचव्या जागेचा पत्ता त्यात नाही, तेही मी सांगितल्याप्रमाणेच.