डाव्या पायाची धार

हेइमो : "रसिक प्रेक्षकहो! आज संध्याकाळी फिनलंडच्या आइस हॉकीचे कायमचे दोन भाग पडत आहेत. एक नीलोच्या आधीचा, आणि दुसरा..."

ताइस्तो : हेइमो, माझ्या धारेच्या यंत्राच्या वायरवर उभा आहेस.

हेइमो : आं? हो की. "...आणि दुसरा, नीलोच्या नंतरचा!" कसं वाटतंय?

ताइस्तो : दार लाव. बाहेर उणे चोवीस आहे.

हेइमो : अरे, रेल्वे स्टेशनात तेवीस वर्षं गाड्यांच्या घोषणा केल्या. निवृत्त झाल्यापासून या हॉलमध्ये मॅचच्या करतोय. पण अशी घोषणा जन्मात एकदाच वाट्याला येते! साक्षात अमेरिकेचा माणूस येतोय, तिकडच्या संघासाठी आपल्या नीलोला बघायला. अठरा वर्षांचं पोरगं! बचावाला उभं राहिलं की समोरच्यांना वाटतं, गोलापुढे कोणी कपाट आणून ठेवलंय.

ताइस्तो : कपाट हलत नाही.

हेइमो : हा हलणारं कपाट आहे.

ताइस्तो : हल्ली हाही फारसा हलत नाही.

हेइमो : तुझं ना, स्केटना धार लावता लावता जिभेलाही लागलीय.

राइली : व्हा बाजूला दोघं. केक आलाय. माझ्या कँटीनचा फ्रिज सॉसेजनी भरलाय, तेव्हा हा इथे तुझ्या खिडकीशी ठेवते, ताइस्तो. गार राहील.

हेइमो : वा! नीलोचा चव्वेचाळीस नंबर! ब्लूबेरीने काढलाय?

राइली : एकेक ब्लूबेरी हाताने लावलीय बेकरीवालीने. चाळीस माणसांचा आहे. आपल्या चाहता मंडळाचे सभासद अकरा, आणि त्यातला ऑस्मो उन्हाळ्यात वारला.

हेइमो : ऑस्मोचं नाव यादीतून अजून काढलेलं नाही.

राइली : कोणी काढायचं म्हणून. बरं ताइस्तो, आलेच आहे तर माझी ही सुरी...

ताइस्तो : नाही.

राइली : अजून विचारलंसुद्धा नाही मी.

ताइस्तो : एकतीस वर्षं विचारते आहेस. या चाकावर फक्त स्केटचं पातं लागतं. सुरी लावली की चाकाचा आकार जातो, आणि मग पोरं बर्फावर पडतात.

राइली : लोण्यातून जात नाही रे ही.

ताइस्तो : लोणी गरम कर.

हेइमो : सुऱ्या कसल्या लावताय! सोमवारी नगरपालिकेची सभा आहे, आहे का कोणाला आठवण? हॉल बंद करून इथे खडी साठवायची म्हणतात. निसरड्या रस्त्यांवर टाकायची खडी, बर्फाच्या हॉलमध्ये! पण ज्या हॉलमधून पोरगं थेट अमेरिकेला गेलं, तिथे खडी ओतायची छाती कोणत्या नगरसेवकाची आहे, सांग. आज नीलो पसंत पडला की हॉल वाचला.

ताइस्तो : हेइमो, बस.

हेइमो : उभाच बरा आहे.

ताइस्तो : बस म्हटलं. हे पातं बघ. नीलोच्या डाव्या बुटाचं.

हेइमो : चकाकतंय.

ताइस्तो : तेच. पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. माणूस वळला की त्या झिजतात. त्याचं उजवं पातं आठ दिवसांत खलास होतं. या डाव्यावर मी ऑक्टोबरात आणलेली चमक आज फेब्रुवारीतही तशीच आहे.

हेइमो : म्हणजे काम चांगलं केलंस.

ताइस्तो : म्हणजे पोरगं त्या पायावर भार देत नाही. मंगळवारी आलं आणि म्हणालं, डावी धार जरा बोथट करा. पात्याने बर्फ धरला की कमरेतून कळ जाते. कोणाला बोलू नका म्हणालं. मी बोललो नाही.

(चाक थांबतं.)

राइली : जिना उलटा उतरतो तो.

ताइस्तो : कोण?

राइली : नीलो. नोव्हेंबरपासून. कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून. कँटीनच्या गल्ल्यावरून दिसतं मला सगळं. विचारलं तर म्हणाला, हा नवा व्यायाम आहे. मी त्याला वेलचीचा बन दिला एक जास्तीचा.

ताइस्तो : आणि मला नाही सांगितलंस?

राइली : तू इतका खूष होतास.

ताइस्तो : मी? खूष?

राइली : मागच्या महिन्यात तू शीळ घातलीस. मी कॅलेंडरवर खूण केलीय.

ताइस्तो : हेइमो, तू का गप्प?

राइली : हो ना. तब्येत बरी आहे ना रे?

हेइमो : मी वर केबिनमध्ये बसतो. वरून फार स्पष्ट दिसतं. नाताळपासून पोरगं डावीकडे वळलेलंच नाही. डावीकडे जायचं असलं की उजवीकडून आख्खा गोल फिरून येतं. लोक उठून टाळ्या वाजवतात. मी माइकवर त्या फेरीला नाव दिलंय, 'नीलोची गिरकी'.

ताइस्तो : गावात ठाऊक नाही असं कोणी आहे का?

राइली : बेकरीवाली केक बांधताना हळूच म्हणाली, बसून खाईल ना तो? जिन्यावर देऊ नका.

ताइस्तो : पुरे झालं. असं पातं मी आधी एकदा पाहिलंय. आपल्याच संघातल्या यार्मोचं. तेव्हाही गप्प बसलो. आज यार्मो पस्तिशीचा आहे आणि दुधाच्या दुकानात काठी टेकत जातो. मला बघितलं की हात करतो. ते सोसवत नाही मला. आज नीलो खेळला तर त्याचाही यार्मो होईल. मी प्रशिक्षकाला सांगतो.

राइली : पण अमेरिकेचा माणूस एवढ्या लांबून येतोय, ताइस्तो. पोराच्या आयुष्यातली एकच संध्याकाळ आहे ही. आजच्यापुरती कळ सोसली, तर...

हेइमो : येत नाहीये तो.

राइली : कोण?

हेइमो : अमेरिकेचा. दुपारी फोन आला. ऑफिसात कोणी उचलला नाही म्हणून माझ्या घरी. नीलोच्या शेवटच्या मॅचचं चित्रण पाहिलं म्हणाला, दोन मिनिटं. मग विचारलं, मुलाची कंबर कोणाला दाखवलीत का?

ताइस्तो : तू काय म्हणालास?

हेइमो : म्हटलं, इकडे उणे चोवीस आहे.

राइली : अरे, दुपारपासून ठाऊक आहे, आणि इथे घोषणा कसली पाठ करतोयस?

हेइमो : महिनाभर घोकत होतो. कोणाला तरी एकदा ऐकवायची होती.

ताइस्तो : चांगली होती.

हेइमो : खरंच?

ताइस्तो : वायर सोडली तर.

राइली : आणि नीलोला कोण सांगणार? खाली कपडे बदलतोय तो. आईने नवा शर्ट पाठवलाय, अमेरिकेच्या माणसाला भेटताना घालायला. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून हँगरसकट हातात धरून आला.

ताइस्तो : हेइमो, तू बोलणारा माणूस आहेस.

हेइमो : मी माइकवर बोलतो. समोर माणूस असला की मला जमत नाही.

राइली : माझ्याकडे बघू नका. मी फार तर बन देईन.

ताइस्तो : कोणी काही सांगू नका. माझं यंत्र बिघडलंय.

हेइमो : कुठे? आत्ता तर चालू होतं.

ताइस्तो : साडेपाचला बिघडेल. मोटर जळाली म्हणेन. बाकी सगळ्यांची पाती लावून झालीत, नीलोचीच राहिलीत. त्याचा दुसरा जोडही इथेच आहे, आणि एवढ्या मापाचे बूट संघात दुसऱ्या कोणाचे नाहीत. बिनधारेच्या पात्यांवर प्रशिक्षक त्याला उतरवणार नाही. आजची मॅच हुकेल. उद्या सकाळी मीच त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेतो. जे सांगायचं ते डॉक्टर सांगेल.

राइली : एकतीस वर्षांत ते यंत्र एकदाही बिघडलं नाही. कोणाला खरं वाटणार नाही.

ताइस्तो : नको वाटू दे. विचारणार कोणी नाही.

हेइमो : म्हणजे सोमवारी खडी.

ताइस्तो : हो.

हेइमो : सहाशे टन म्हणत होते.

ताइस्तो : मावेल.

हेइमो : मग मी आज घोषणा तरी काय करू?

ताइस्तो : संघाची नावं वाच. एक कमी वाच.

हेइमो : स्टेशनवर बरं होतं. गाडी रद्द झाली की सरळ सांगून टाकता यायचं.

राइली : या केकचं काय? चाळीस माणसांचा आहे.

हेइमो : ऑस्मोच्या नावाने कापू. तेवढंच सगळ्यांना कळवल्यासारखंही होईल.

राइली : वर चव्वेचाळीस लिहिलंय. ऑस्मो एक्क्याऐंशीचा होता.

हेइमो : ब्लूबेरी आधी खाऊन टाकू.

राइली : ताइस्तो, यंत्र नक्की साडेपाचलाच बिघडणार ना?

ताइस्तो : हो. का?

राइली : पाच वीस होतायत. तेवढ्यात ही सुरी लावून दे.