चाळीस पोरांचं स्थळ

परवा ऑफिसात चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मंठ्याहून फोन आला. आमची सुनीता गेली. फोन ठेवल्यावर मला आधी आठवले ते तिच्या घरचे पोहे.

आमच्या संस्थेला तिच्या गावात बालवाडी काढायची होती. शिकलेली मुलगी शोधत मी आणि जीपचे ड्रायव्हर शेखमामू तिच्या घरी गेलो. पाय धुवायला पाणी, नवी सतरंजी, वर पोहे! संस्थेचा केवढा हा मान, म्हणून मी खूश. मग पदर सावरत सुनीता समोर येऊन बसली.

"शिक्षण?" मी विचारलं.

"दहावी."

"पोरं सांभाळता येतील?"

ती लाजली. "येतील की."

"चाळीस आहेत."

ती ताडकन उठून वडिलांकडे वळली. "अण्णा, मला न्हाई करायचं हे लग्न!"

अंबडहून मुलगी पाहायला येणारे पाहुणे ते आम्हीच, असं घरच्यांना वाटलं होतं. खुलासा झाल्यावर शेखमामूंना हसू आवरेना. सुनीता मात्र म्हणाली, "अण्णा, पाहुण्यांना नको म्हणा. मी ही नोकरी करते."

मी घाईनं उठलो आणि रिवाजाप्रमाणे बोलून गेलो, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन तीच ऑफिसात हजर. पुढं वीसेक वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तालुक्यातल्या सगळ्या बालवाड्या तिनं उभ्या केल्या. दर मीटिंगला मात्र विचारायची, "सर, मंग मुलगी पसंत का न्हाई?"

मी म्हणायचो, "घरी विचारून कळवतो."

तेवढं कळवायचं राहिलं.